अंदमानच्या बेटांवर जे जिवंत आहे त्याबद्दलही छापा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा संपत आला की सगळ्याच मराठी पेपरांच्या पर्यटन पुरवणीत अंदमानवर लेख येतो, आपल्याकडेही येतो आणि मी तो दरवर्षी आवडीनं वाचतो. त्यात सेल्युलर जेल असतं, लाइट अँड साउंड शो असतो, हॅवलॉकचा (आता स्वराज द्वीप) राधानगर बीच, नील आयलंड, स्कूबा, ग्लास बॉटम बोट, झालंच तर चॅथमची सॉ मिल, आणि मग कधी जावं, किती दिवस राहावं वगैरे. यात चुकीचं काही नाही. तात्याराव सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत जिथे होते ती जागा आपण बघायलाच हवी, तिथे डोकं टेकवून यायलाच हवं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की ते जेल ज्या बेटांवर उभं आहे त्या बेटांबद्दल, तिथल्या जंगलाबद्दल, पक्ष्यांबद्दल, कासवांबद्दल या लेखांत एक ओळ पण नसते, आणि आपली माणसं एवढा खर्च करून जातात आणि जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोष्टींच्या अगदी बाजूने जाऊन परत येतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे पत्र. थोडं लांब होणार आहे, काटछाट करायची तर करा पण शेवटचा निकोबारचा भाग कृपया कापू नका.

आधी ही बेटं आहेत काय ते. म्यानमारमधली आराकानची डोंगररांग समुद्रात शिरते आणि पाण्याखालून दक्षिणेकडे सुमात्रापर्यंत जाते, तिची जी टोकं पाण्यावर राहिलीत ती म्हणजे अंदमान आणि निकोबार. लहानमोठी धरून ५०० च्या वर बेटं आहेत आणि माणसं राहतात ती त्यातली फार थोडी, ८० टक्क्यांहून जास्त जमीन अजून जंगलाखाली आहे. भारताच्या मुख्य भूमीला ही बेटं कधीच जोडलेली नव्हती. त्यामुळे तिथे जे काही पोचलं ते उडत, पोहत नाहीतर ओंडक्यावर वाहत पोचलं. वाघ नाही, बिबट्या नाही, अंदमानात मूळचं माकड सुद्धा नाही, जमिनीवरचा मूळचा सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे रानडुक्कर. पण जे थोडेफार जीव पोचले ते हजारो लाखो वर्षं एकटे राहून वेगळेच होत गेले, आणि म्हणूनच नुसते पक्षी घेतले तरी वीसच्या वर जाती अशा आहेत की त्या फक्त या बेटांवर आहेत.

एक साधं उदाहरण देतो. अंदमानात रिसॉर्टच्या भिंतीवर, नारळाच्या खोडावर भर दिवसा एक हिरवीगार पाल फिरते, पाठीवर लाल ठिपके, रंग इतका झगझगीत की खेळण्यातली वाटावी. पालीला बघून लोक ओरडतात आणि हॉटेलवाल्याला हाकलायला सांगतात. ती अंदमान डे गेको. तिचे सगळे जवळचे नातेवाईक हिंदी महासागराच्या पार दुसऱ्या टोकाला, मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्सकडे आहेत, आणि मध्ये हजारो किलोमीटर नुसतं पाणी. ही एकटीच जात इकडे अंदमानात. हे माहीत असलं की माणूस तिला हाकलत नाही, बसून बघतो. आणि हे बघायला ना तिकीट लागतं ना बोट लागते, खोलीच्या बाहेर खुर्ची टाकली तरी झालं.

आता वेळेचं बघा, हे टूरवाल्यांनी खरंच मनावर घ्यायला हवं. अंदमान पार पूर्वेला पण घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरमध्ये सुद्धा पावणेसहाच्या आत सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी पाचला बुडतो. हॉटेलचा नाश्ता साडेसातला, बस साडेआठला, म्हणजे जंगल जागं असतं तो सगळा वेळ आपली माणसं झोपलेली किंवा पोहे-इडलीच्या रांगेत. चिडिया टापूला टूरची गाडी नेते ती सनसेट पॉइंट म्हणून नेते, संध्याकाळी, फोटो काढायला. तीच गाडी पहाटे पाचला नेली तर? पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) २५ किलोमीटर म्हणजे काही फार नाही. तिथे पहाटे अंदमानचा काळा सुतार पक्षी दिसतो, आपल्या भारद्वाजासारखाच पण तपकिरी अंगाचा अंदमान भारद्वाज दिसतो, अंदमान कोतवाल, लांब शेपटीचे पोपट थव्यानं, आणि अंधार पडल्यावर थांबलात तर घुबडं, ती पण इथलीच, दुसरीकडे न मिळणारी. लोकल गाइड आहेत, त्यांना कुठल्या झाडावर काय बसतं ते पाठ असतं. ग्रुपमधल्या वीस जणांना नको असेल तर नको पण ज्या चार जणांना हवंय त्यांना तसा ऑप्शन तरी द्या की, तो छापील कार्यक्रमात दिसतच नाही.

वंडूरला जाताना रस्त्यात सिप्पीघाट लागतं. तिथे दोन्ही बाजूंना पाणथळ जागा दिसते आणि मध्येच वाळलेली झाडं उभी. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि समुद्राचं पाणी शेतात आलं ते गेलंच नाही, ती शेतं आहेत ती. ज्यांची शेती गेली त्यांचं दुःख मोठं आहे, ते आधी. पण त्याच पाण्यात आज अंदमान टील नावाचं बदक राहतं, डोळ्याभोवती पांढरी कडा असलेलं, तेही या बेटांशिवाय कुठे सहजी दिसत नाही. त्याच भूकंपात वर उत्तरेला उलटं झालं, तिथे जमीन उचलली गेली, इंटरव्ह्यू आयलंडच्या आसपास प्रवाळाची खडकं मीटरभर वर आली आणि उन्हात वाळून मेली. एकाच दिवशी एकाच द्वीपसमूहाचं एक टोक खाली गेलं आणि दुसरं वर आलं, हे मुलांना भूगोलाच्या पुस्तकात वाचून कळणार नाही ते सिप्पीघाटच्या रस्त्यावर पाच मिनिटं बस थांबवली तर कळेल. बस थांबत नाही, वंडूरच्या जेट्टीवरची बोट गाठायची असते.

त्या जेट्टीवरून जॉली बॉय बेटावर जातात. हा महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क, १९८३ मध्ये झाला, पंधरा बेटं आहेत त्यात, आणि पर्यटकांना एका वेळी एकच बेट उघडं, काही महिने जॉली बॉय आणि काही महिने रेड स्किन, म्हणजे प्रवाळाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. बॅगा तपासतात, प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. काही लोक यावर कटकट करतात, मी म्हणतो असंच सगळीकडे हवं. कारण प्रवाळाची अवस्था आधीच वाईट आहे, पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन डिग्रीने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की प्रवाळातलं शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. अंदमानात १९९८ ला झालं, २०१० ला तर फार वाईट झालं, २०१६ ला परत. एक फांदी वर्षाला काही सेंटीमीटर वाढते, मोठे गोल दगडासारखे प्रवाळ तर सेंटीमीटरभरच, आणि आपण त्यावर उभं राहून सेल्फी काढतो.

नीलला (शहीद द्वीप) नॅचरल ब्रिजला ओहोटीच्या वेळी हेच बघितलं. ओहोटीला तिथे खडकांतल्या डबक्यांत एवढं काही असतं की दोन तास कमी पडतात, पण एक गाइड समुद्री काकडी उचलून लोकांच्या हातावर ठेवत होता, लोक पिळून बघत होते, पाणी सोडते म्हणून हसत होते, लहान मुलांच्या हातात देत होते. समुद्री काकडी हा वाघाच्या बरोबरीनं संरक्षण दिलेला जीव आहे, २००१ पासून, आणि तिला उचलणं हा नुसता वाईटपणा नाही तर कायद्यानं गुन्हा आहे. मी बोललो तर गाइड म्हणाला साहेब पब्लिकच मागते. आणि हे खरंय. गाइड लोक पोटासाठी करतात, आपण मागणं बंद केलं की ते बंद करतील, उलट चांगलं समजावून सांगणाऱ्याला जास्त पैसे दिले तर तेच गाइड उत्तम शिकवतील कारण त्यांना आपल्यापेक्षा खूप जास्त माहिती असते. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालून आणण्याचं पण तेच, एअरपोर्टवर पकडतात, आणि तिथे वादावादी करणाऱ्यांत आपली भाषा ऐकू आली की फार वाईट वाटतं. रिकाम्या शंखात सुद्धा उद्या खेकडा राहायला येणार असतो.

आता उत्तरेकडे. मराठी टूर तिकडे बहुतेक जातच नाहीत कारण दिगलीपूर लांब पडतं. पण दिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा आहे, तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले तर येतातच पण हिरवं कासव, हॉक्सबिल आणि कधी लेदरबॅक सुद्धा, एका किनाऱ्यावर चार जाती. रंगतजवळ कथबर्ट बे ला पण येतात, तिथे वनखात्याची हॅचरी आहे, आणि जवळच धनीनाल्याला कांदळवनातून लाकडी पूल केलाय तो चालत जाता येतो. आपल्याकडे कोकणात वेळासला कासव महोत्सवाला माणसं पहाटे उठून शिस्तीत दोरीच्या मागे उभी राहतात, पिल्लं समुद्रात जाताना बघतात, एक शब्द बोलत नाहीत, हे मी बघितलंय. म्हणजे आपल्या लोकांना हे आवडतं, आपल्याला हे जमतं. मग अंदमानला गेल्यावरच आपण फक्त जेट स्की का मागतो? मला वाटतं कारण एवढंच की वेळासबद्दल मराठी पेपरांनी वर्षानुवर्षं लिहिलं आणि कालीपूरबद्दल कोणी लिहिलं नाही.

(उत्तरेला रस्त्यानं जायचं तर अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. आपल्याच पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेनं, मुंबईच्या बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आणि अंदमानातल्या सेन या संस्थेनं कोर्टात जाऊन जंगलतोडीविरुद्ध लढा दिला होता, आणि सुप्रीम कोर्टानं ७ मे २००२ ला आदिवासी राखीव भागातली झाडतोड थांबवायचा आणि जारवांच्या भागातला रस्ता बंद करायचा आदेश दिला. झाडतोड बरीच थांबली, रस्ता मात्र चालूच राहिला. माझं मत विचाराल तर ज्यांना जमेल त्यांनी उत्तरेला सरकारी जहाजानं जावं, वेळ जास्त लागतो पण गाडीच्या काचेतून माणसं बघायला जाणं हे पर्यटन नाही. त्या रस्त्यानं गाड्यांच्या ताफ्यातून जावंच लागलं तर फोटो नाही, थांबणं नाही, खायला देणं नाही, हे नियम आहेत आणि ते अगदी बरोबर आहेत.)

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बऱ्याच जणांनी बघितल्यात. पण गुहांमधल्या पाकोळीची गोष्ट गाइड क्वचितच सांगतात. ही छोटीशी पाकोळी आपल्या लाळेनं वाटीसारखं पांढरं घरटं बांधते, आणि चीनकडे त्याचं सूप करतात म्हणून त्याला चांदीसारखा भाव, त्यामुळे अंदमान-निकोबारमधल्या गुहा अक्षरशः ओरबाडल्या गेल्या, पिल्लांसकट घरटी काढली. रवी शंकरन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञानं १९९९ पासून इथे वेगळाच मार्ग काढला, घरटी चोरणारे जे स्थानिक होते त्यांनाच गुहांचे राखणदार म्हणून नेमायला लावलं, चोवीस तास पहारा, आणि त्या गुहांमध्ये पाकोळ्या परत वाढल्या. जानेवारी २००९ मध्ये ते अचानक गेले, वय फार नव्हतं. त्यांच्यावर मराठीत एखादा चांगला मोठा लेख आला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण माणसाला शत्रू न समजता जंगल कसं वाचवायचं हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

जिथे आपण जाऊ शकत नाही अशा बेटांबद्दल पण लिहा. नारकोंडम घ्या. उत्तर अंदमानच्या पूर्वेला एकटंच उभं राहिलेलं निद्रिस्त ज्वालामुखीचं बेट, जेमतेम सात चौरस किलोमीटर, आणि जगातले सगळे नारकोंडम धनेश त्या एवढ्याशा जागेत राहतात. नराचं डोकं मान तांबूस, मादी काळी, मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फळं आणून भरवतो. जगात दुसरीकडे एक पण नाही. एखादं वादळ, एखादा रोग, किंवा बोटीतून उतरलेले उंदीर, काहीही पुरेल. तिथे रडार बसवायचा प्रस्ताव होता, तो २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं नाकारला आणि २०१४ मध्ये मंजूर केला. देशाची सुरक्षा महत्त्वाची आहेच, त्यावर वाद नाही, पण असा निर्णय होतो तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात किती जणांना नारकोंडम हे नाव माहीत असतं? त्याच्या खाली बॅरन आयलंड, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, दीडशे वर्षांहून जास्त गप्प होता आणि १९९१ ला परत पेटला. राखेच्या उतारांवर जीव कसे परत येतात हे शास्त्रज्ञ तिथे बघतायत.

बोटीतून काय उतरतं हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. बेटावरच्या जिवांना शत्रूची सवयच नसते. इंग्रजांनी शिकारीसाठी चितळ आणले, त्यांना खाणारं कोणी नाही, ते वाढतच गेले आणि जंगलातली रोपं खाऊन टाकतात, म्हणजे मोठी झाडं पडली की त्यांच्या जागी नवीन येतच नाहीत. रॉस आयलंडवर पर्यटक त्यांना बिस्किटं देतात. लाकडाच्या ठेकेदारानं ओंडके ओढायला हत्ती आणले, १९६२ मध्ये धंदा बुडाला आणि हत्ती इंटरव्ह्यू आयलंडवर तसेच सोडून दिले, ते रानटी झाले, त्यांनी तिथलं वेत आणि केवड्याचं रान संपवत आणलं, आणि यात बिचाऱ्या हत्तींचा काय दोष. जपानी लोकांच्या ताब्यात बेटं होती १९४२ ते ४५, तेव्हा आफ्रिकन गोगलगाय आली आणि ती आजही तिथल्या बागायतीचं नुकसान करते. आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत मुख्य भूमीवरचा मोठा बेडूक, आपल्याकडे पावसाळ्यात पिवळाधमक होतो तोच, बहुधा मत्स्यशेतीच्या बीजाबरोबर तिथे पोचला, आणि त्याची पिल्लं तिथल्या बेडकांची पिल्लं खातात. इथे पावसाचा दूत, तिथे संकट. मासे, रोपं, माती, कुत्र्याची पिल्लं, बेटावर काहीही नेताना हा विचार कोणीतरी करायला हवा, आणि तो फक्त सरकारनं करून भागणार नाही.

आता निकोबार, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं.

अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये टेन डिग्री चॅनेल नावाचा समुद्राचा पट्टा आहे, त्याच्या खाली निकोबार, तिथे पर्यटक म्हणून सहज जाता येत नाही, खास परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. त्यातलं सगळ्यात दक्षिणेचं मोठं बेट ग्रेट निकोबार. मराठी वाचकाचा तिथे थेट संबंध आहे हे किती जणांना माहिती आहे? १९६९ पासून सरकारनं तिथे माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं, त्यात पंजाबची, दक्षिणेची कुटुंबं होती तशी महाराष्ट्रातली पण होती. जंगल साफ करून, समुद्र-साप-मलेरिया सगळं सोसून त्या लोकांनी गावं उभी केली, आणि २००४ च्या त्सुनामीत ती गावं वाहून गेली. भारताचं दक्षिण टोक इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचलं, दीपस्तंभ जमिनीवर होता तो पाण्यात उभा राहिला.

त्या बेटावर गॅलथिया बे नावाचा उपसागर आहे. तिथे लेदरबॅक कासवं येतात, जगातलं सगळ्यात मोठं समुद्री कासव, पाचशे किलोच्या वरही भरतं, कवच कठीण नसतं तर चामड्यासारखं असतं, आणि खातं काय तर जेलीफिश. उत्तर हिंदी महासागरात लेदरबॅक अंडी घालायला येण्याच्या ज्या मोजक्या जागा उरल्यात त्यात ही सगळ्यात महत्त्वाची. त्सुनामीत तो किनाराच नाहीसा झाला होता. मग हळूहळू वाळू परत साठली आणि कासवं परत आली, कोणी बोलावलं नव्हतं. लिटल अंदमानच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी २०११ पासून काही माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले तेव्हा कळलं की अंडी घालून झाल्यावर काही जणी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे जातात आणि काही थेट आफ्रिकेकडे, एक तर १३ हजार किलोमीटरच्या वर पोहून मोझांबिकजवळ पोचली. म्हणजे तो किनारा नुसता आपला नाही, अर्ध्या महासागराचं बाळंतपण तिथे होतं.

तिथेच निकोबार मेगापोड राहतो, कोंबडीएवढा तपकिरी पक्षी. हा अंडी उबवतच नाही. किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू, माती, पालापाचोळा ओढून मोठा ढीग करतो, अंडी त्यात पुरतो आणि पाला कुजताना जी उष्णता होते त्यावर अंडी उबतात, पिल्लू बाहेर येतं ते स्वतःच वाळू उकरून वर येतं आणि लगेच स्वतःच्या पायावर. त्सुनामीत किनाऱ्यालगतचे बहुतेक ढीग वाहून गेले आणि पक्षी खूप कमी झाले, त्यातून आत्ता कुठे सावरतोय. शिवाय नारळ फोडणारा रॉबर क्रॅब, निकोबारी कबुतर जे नामशेष झालेल्या डोडोचं सगळ्यात जवळचं जिवंत नातेवाईक, निकोबारचं लांब शेपटीचं माकड, आणि माणसं म्हणाल तर शोम्पेन आणि निकोबारी आदिवासी, ज्यांचं हे सगळं घर आहे.

या गॅलथिया बे मध्येच मोठं बंदर होणार आहे, जहाजांमधला माल एकीकडून दुसरीकडे चढवायचं. सोबत विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवीन शहर. ७२ हजार कोटींचा प्रकल्प म्हणून मांडला गेला, आणि १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवायचं. गॅलथिया बे अभयारण्य होतं, ते जानेवारी २०२१ मध्ये अभयारण्याच्या यादीतून काढलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं कुठे लावायचं ठरलं तर हरियाणात. मला झाडांबद्दल आदरच आहे, हरियाणात पण झाडं हवीतच, पण हरियाणातल्या झाडावर मेगापोड राहणार आहे का? सरकारची बाजू अशी की मलाक्काची सामुद्रधुनी जवळ आहे, व्यापार आणि संरक्षण दोन्हीसाठी ही जागा मोक्याची आहे, आणि कासवांसाठी लिटल निकोबारला, मेगापोडसाठी मेंचलला, प्रवाळासाठी मेरोए बेटाला नवीन अभयारण्यं जाहीर केलीत. ही बाजूही छापा, जरूर छापा. पण कासव नकाशा बघून किनारा बदलत नाही, ते त्याच भागातल्या किनाऱ्यांवर परत परत येतं, आणि ज्या बेटाची जमीन वीस वर्षांपूर्वी एका दिवसात चार मीटर खाली गेली तिथे एवढं मोठं शहर उभारणं शहाणपणाचं आहे का हे विचारणं म्हणजे देशाविरुद्ध बोलणं नाही. उलट तिथे जे माजी सैनिक जाऊन राहिले त्यांना विचारा, जमीन हलते म्हणजे काय होतं ते.

माझं स्पष्ट मत असं की गॅलथिया बे ला हात लावू नये. संरक्षणासाठी जे लागतं ते नौदल-हवाईदल ठरवेल, ग्रेट निकोबारवरच कॅम्पबेल बे ला आधीपासून तळ आहेच, पण कंटेनरचं बंदर आणि लाखो माणसांचं शहर हा वेगळा विषय आहे आणि त्याची चर्चा मराठीत सुद्धा मोकळेपणानं व्हायला हवी. इंग्रजी पेपरांत यावर खूप आलंय. मराठीत फार कमी. आणि जे आलं ते बातमी म्हणून, दोन कॉलमात, त्यात ते कासव कसं असतं, तो पक्षी काय करतो हे नसतंच, मग वाचकाला काय वाटणार, कुठेतरी लांब एक बेट आहे आणि तिथे एक बंदर होतंय, बरं.

तर आपल्याकडे विनंती अशी. पुरवणीत अंदमानचा लेख येईल तेव्हा त्यात चिडिया टापूची पहाट, सिप्पीघाटची बदकं, कथबर्ट बे आणि कालीपूरची कासवं यांना जागा द्या, आणि काय उचलू नये, कशावर पाय देऊ नये, काय विकत घेऊ नये हे चौकटीत ठळक छापा. टूर कंपन्यांच्या जाहिराती आपल्याकडेच येतात, त्यांना पण कळवा की एक पहाट आणि एक ओहोटी कार्यक्रमात घाला, वेगळा खर्च असा काही येत नाही, फक्त बस लवकर काढायची आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. आणि जमलं तर एखादा वार्ताहर ग्रेट निकोबारला पाठवा, परवानगीला वेळ लागेल पण मिळते, तिथल्या मराठी कुटुंबांशी मराठीतच बोलता येईल, त्यांची दुसरी-तिसरी पिढी आता काय म्हणते, त्यांना बंदर हवंय का, हवं असेल तर का, नको असेल तर का, हे कोणी विचारलेलं मी तरी मराठीत वाचलं नाही.

लोक हिवाळ्याचं बुकिंग गणपती ते दिवाळीच्या दरम्यान करतात आणि कासवांचा हंगाम डिसेंबरला सुरू होतो, त्यामुळे हा मजकूर नोव्हेंबरात आला तर उशीर होईल, सप्टेंबरच्या पुरवणीत घेता आला तर बघा.

आपला,
एक नियमित वाचक